लिफ्ट किट राहू दे, आधी जिम्नीच्या खाली वाकून बघा

मारुतीची जिम्नी दारात आली की पहिली चौकशी लिफ्ट किटची, म्हणजे गाडी उंच करणाऱ्या स्प्रिंग-शॉकॲब्सॉर्बरच्या संचाची होते. गाडी रत्नागिरी-सिंधुदुर्गात चालणार असेल तर ती सगळ्यात शेवटी करा. इथे गाडीला खातो तो खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस.

खर्चाची सुरुवात गाडीखालून करा. ते काळं रबरी कोटिंग दिसायला झकास, पण खडी लागून तडा गेला की खारं पाणी आत शिरतं आणि तिथेच राहतं. वरून कुळकुळीत, आत पत्रा पोखरलेला. त्यापेक्षा मेणाचं कोटिंग बरं. चेसिसच्या (गाडीच्या पोलादी सांगाड्याच्या) पोकळीत आणि दारांच्या आत तळाशीही ते फवारून घ्या, फक्त पाणी निचरायची भोकं बुजू देऊ नका. तसंही तांबडी माती ती बुजवायला टपलेलीच असते. दर मे महिन्यात पुन्हा एक हात.

स्किड प्लेट, म्हणजे गाडीच्या पोटाखालचा संरक्षक पत्रा, ॲल्युमिनियमची हलकी पडते. मात्र ती पोलादी चेसिसला थेट आवळली की खारट ओलाव्यात दोन धातूंची बॅटरीच तयार होते. बोल्टाभोवती पांढरी भुकटी दिसली की समजा, ॲल्युमिनियम झिजतंय. मध्ये नायलॉनचे बुश आणि वॉशर घाला. ऑइल काढायच्या बोल्टाच्या खाली प्लेटला भोक आहे ना, तेही विकत घेतानाच बघा.

तापलेली गाडी व्हाळात (ओढ्यात) घातली की डिफरन्शियलमधली, म्हणजे ॲक्सलवरच्या गिअरच्या डब्यातली, हवा थंड होऊन आकसते आणि ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या भोकातून), सीलमधून पाणी ओढते. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर लगेच बदला, नाहीतर बेअरिंग गेलं. ब्रीदरची नळी बॉनेटखाली उंचावर नेऊन बांधणं हे स्वस्त काम. लोक त्याआधी स्नॉर्केल (इंजिनासाठी छताच्या उंचीवरून हवा घेणारी नळी) लावतात! त्याचे सांधे हवाबंद नसले तर ते नुसतं तोरण.

मूळ टायर 195/80 आर15, व्यास 693 मिमी. 215/75 आर15 एटी (ऑल-टेरेन, डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे) घातले तर 703 मिमी. उंची जेमतेम 5 मिमी वाढते, स्पीडोमीटर दीड टक्का मागे पडतो, पकड मात्र चिखलात सुधारते. 235/75 चा व्यास 733 मिमी. पूर्ण स्टीअरिंग वळवल्यावर तो घासू शकतो आणि 134 न्यूटन-मीटरचं इंजिन आंबोली घाट चढताना धापा टाकतं. एमटी (मड-टेरेन, खास चिखलाचे) टायर ओल्या डांबरावर घसरतात, रोजच्या गाडीला नकोत.

एवढं करूनही लिफ्ट हवीच असेल तर 40 मिमीच्या आसपास थांबा. लिफ्टने कॅस्टर, म्हणजे पुढच्या चाकाच्या वळणाच्या आसाचा मागे कललेला कोन, कमी होऊन स्टीअरिंग भरकटतं, म्हणून तो सुधारणारे कॅस्टर बुश हवेत. ॲक्सल एका बाजूला सरकतो, त्याला ॲडजस्टेबल पॅनहार्ड रॉड (ॲक्सल मध्यावर धरून ठेवणारा आडवा दांडा). चाक पूर्ण लोंबतं ठेवून ब्रेकचा होज (रबरी नळी) ताणला जात नाही ना, तेही तपासा. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मोटार वाहन कायद्यात 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, दोन्हीही होऊ शकतं. तेव्हा काम करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्या.