यकृत आधीच दुखावलेले असेल, तर ‘ए’ची लस टाळू नका

हिपॅटायटिस ए (यकृताला सूज आणणारी विषाणूजन्य कावीळ) लहानपणीच होऊन जातो, तेव्हा मोठेपणी त्याच्या लशीचे कारण काय, अशी समजूत आपल्याकडे अजून पक्की आहे. आणि एका पिढीपूर्वी ती बऱ्याच अंशी खरीही होती. दूषित पाण्यातून व अन्नातून पसरणाऱ्या या विषाणूची लागण पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलाला झाली, तर बहुधा डोळेही पिवळे होत नाहीत आणि प्रतिकारशक्ती मात्र जन्मभराची मिळते. शहरांत शुद्ध पाण्यावर वाढलेले अनेक जण आता ही लागण न होताच मोठे झाले आहेत, आणि प्रौढपणी हाच आजार कित्येक आठवडे अंथरुणाला खिळवतो, क्वचित यकृत निकामीही करतो.

ज्यांना हिपॅटायटिस बी किंवा सीचा जुना संसर्ग आहे, सिरॉसिस (यकृत कडक, व्रणमय होणे) आहे, त्यांना हा धोका सर्वाधिक. माझ्या आतेभावाला बीचा संसर्ग आहे. त्याच्या जाडजूड फायलीत सोनोग्राफीपासून औषधांपर्यंत सगळे होते, ‘ए’ची लस तेवढी नव्हती, वहिनींनी विचारले, तेव्हा डॉक्टरांनी जुन्या लागणीचे किंवा लशीचे संरक्षण दाखवणाऱ्या आयजीजी प्रतिपिंडांची तपासणी करवली. अहवालात ‘निगेटिव्ह’ आले, म्हणजे संरक्षण शून्य. त्याच आठवड्यात दंडात पहिला डोस दिला गेला, दुसरा सहा महिन्यांनी. ही मृत विषाणूची लस. एकाच डोसाची जिवंत लसही मिळते, पण प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना आणि गरोदर स्त्रियांना ती देत नाहीत.

बेघर माणसे आणि नशेची इंजेक्शने घेणारेही जोखमीच्या गटात येतात. अमेरिकेतील सॅन दिएगोत २०१७ साली मुख्यतः त्यांच्यातच साथ पसरली, सुमारे ६०० जणांना लागण झाली आणि २० जण दगावले. तेव्हा परिचारिकांना लस घेऊन रस्त्यावर उतरावे लागले. ज्यांना शौचालय आणि हात धुण्याची सोयच नाही, त्यांना स्वच्छतेचे धडे देऊन काय होणार?

लस घेतली तरी पाणी उकळायला हवेच, कारण पाण्यातूनच येणाऱ्या हिपॅटायटिस ‘ई’पासून ती वाचवत नाही. घरात कोणाला कावीळ झाली, तर आधी ताजी लागण दाखवणाऱ्या आयजीएम रक्ततपासणीने ती ‘ए’ची आहे का, हे ठरवावे, असल्यास संपर्कात आलेल्यांना दोन आठवड्यांच्या आत लस दिल्यास आजार टळू शकतो. गळ्यात काविळीची माळ घालून ती लांबण्याची वाट पाहण्यात नेमके हेच दिवस निघून जातात.