टेरा सिजिलाटा अपडेट: ग्लेझ नाही तरी चमक

सध्या कुंभाराचं चाक बंद आहे, भांडी सगळी हाताने मातीच्या वळ्या लावून चालली आहेत आणि याला जबाबदार भांडी घडवणाऱ्या कलाकार मॅग्डलीन ओडुंडो बाई. जन्म नैरोबीचा (१९५०), शिक्षण इंग्लंडात, पण खरा हात बसला तो नायजेरियात अबुजाला (आताचं सुलेजा), तिथल्या ग्वारी जमातीच्या कुंभार बायकांबरोबर काम करून. त्यातल्या लाडी क्वाली तर थेट २० नायराच्या नोटेवर आहेत! तिकडे भांडं फिरत नाही, करणारी बाई भांड्याभोवती फिरते. मीपण तेच करतेय, स्टुलावर भांडं आणि मी गोल गोल. कमरेचं काय होतं ते विचारू नका, पण आकार चारी बाजूंनी दिसत राहतो हे मात्र खरं.

आता टेरा सिजिलाटाबद्दल, म्हणजे ग्लेझ (काचेसारखा थर) न देता चमक आणणारा अगदी बारीक मातीचा पातळ लेप, कारण मागच्या वेळी तो कसा करायचा हेच सगळ्यांनी विचारलं होतं. ३ लिटर पाणी, त्यात आधी ५ ग्रॅम सोडियम सिलिकेट (मातीचे कण सुटे ठेवणारं रसायन), मग १ किलो सुकी लाल माती अगदी पूड करून, ढवळायचं आणि रात्रभर अजिबात हलवायचं नाही. सकाळी तीन थर दिसतात, वर पाणी, खाली गाळ, आणि मधलं जे दुधाळ लालसर असतं तेच आपलं. पातळ नळीने अलगद ओढून घ्यायचं. हायड्रोमीटर (द्रवाचा दाटपणा मोजायचं साधन) नसला तरी चालतं, १०० मिली मोजून काट्यावर ठेवा, ११५ ग्रॅमच्या आसपास भरलं की झालं. पूर्ण सुकलेल्या भांड्यावर मऊ ब्रशने दोन-तीन हात, आणि ओलसरपणा जातो न जातो तोच दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक बोटाला गुंडाळून घासायचं. मातीचे बारीक कण चपटे असतात, घासले की आडवे झोपतात आणि उजेड परततो, बाकी जादू काही नाही. गारगोटीने घोटलं तर आणखी भारी, पण गळ्याच्या आत गारगोटी जात नाही, तिथे चमच्याची पाठ.

भट्टी ९०० अंश सेल्सिअसलाच ठेवायला लावली. १००० च्या वर गेलं की चमक मरायला लागते, म्हणून स्टुडिओच्या नेहमीच्या बिस्कबरोबर (ग्लेझ देण्याआधीची पहिली भाजणी) ही भांडी देऊ नका. रंग आला मस्त नारिंगी. ओडुंडो बाईंची काळी भांडीही आधी अशीच नारिंगी असतात बरं का, दुसऱ्यांदा बंद पेटीत लाकडाच्या भुशासोबत भाजलेली, हवा न मिळाल्याने लोहाचा लाल रंग जातो आणि धुराचा कार्बन आत मुरतो. मोकळ्या हवेत पुन्हा भाजलं की परत लाल! मी गच्चीवर तेलाच्या जुन्या डब्यात भुसा भरून केलं, डब्यात आच मंद असते, काम बहुतेक धुराचंच. खालच्या काकू "अगं काय जाळतेयस?" करत वर आल्या आणि मग तिथेच बसून बघत राहिल्या. खांदा कुळकुळीत काळा, पोटाला जिथे भुसा टेकला नव्हता तिथे तांबूस ढग, आणि मला तो ढगच जास्त आवडलाय.

फुलं ठेवायचा विचार असेल तर नको, पाणी झिरपतं.

पुढचा लॉट अरुंद गळ्याचा, आणि डब्याचं झाकण यावेळी ओल्या मातीने लिंपून बंद करणार. भुसा सागवानाचा बरा की आंब्याचा, कोणी करून पाहिलंय का?