आयडल लटकणं थांबलं, तरी इंजिन नवंच लागणार

काल संध्याकाळी थ्रॉटल सोडला आणि आयडल, म्हणजे इंजिनाचा नुसता फिरत राहण्याचा वेग, एका दमात खाली बसलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच! माझी नायट्रोवर (मेथनॉलच्या इंधनावर) चालणारी आरसी, म्हणजे रिमोटची बग्गी स्टँडवर होती. मी परत एक सेकंद थ्रॉटल दिला, सोडला, परत खाली. असं सात-आठ वेळा केलं, मग टाकी अर्धी रिकामी होऊ दिली आणि पुन्हा करून पाहिलं. तोच आवाज, तीच लय. शेजारच्या काकू गच्चीवरून विचारत होत्या, "झालं का रे बाबा एकदाचं?" झालं, काकू.

इंजिन तेच जुनं पाच पोर्टाचं २१, म्हणजे साधारण साडेतीन सीसीचं; पोर्ट म्हणजे स्लीव्हमधली (पिस्टन ज्या नळीत वर-खाली होतो तिच्यातली) वायू ये-जा करायची भोकं. थंड असताना शहाण्यासारखं चालायचं. गरम झालं की थ्रॉटल सोडल्यावरही तीन-चार सेकंद वरच लटकायचं आणि मग धाडकन खाली येऊन बंद पडायचं. लो-स्पीड सुई (कमी वेगाला किती इंधन जाईल ते ठरवणारा स्क्रू) थोडी उघडली की लटकणं कमी व्हायचं, पण वळणातून बाहेर पडताना गाडी घुसमटायची. बंद केली की पुन्हा लटकणं. सकाळी बसवलेलं सेटिंग दुपारी कामाचं नाही आणि भरल्या टाकीचं सेटिंग अर्ध्या टाकीला चालत नाही.

दोन आठवडे मी हवामानालाच दोष देत बसलो, आणि त्याला कारणही होतं. हे इंजिन पुण्याहून सेट होऊन आलेलं. पुणं समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर, आपलं धुळं त्याहून साधारण ३०० मीटर खाली. म्हणजे इथे हवा दाट, प्रत्येक श्वासात ऑक्सिजन जास्त, म्हणून इंधनही जास्त लागतं. त्यात डिसेंबरची सकाळ. मे महिन्यात ४३ अंशांत ज्या सुईवर गाडी पळाली, ती ९-१० अंशांत लीन होणारच, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडणारच. म्हणून मी हाय-स्पीड सुई आठव्या-आठव्या हिश्श्याने उघडत गेलो. प्लग बदलला, पी-३ काढून जरा थंड प्लग लावला. टाकीच्या झाकणाचं रबर बदललं, प्रेशरची नळी बदलली, टाकी पाण्यात बुडवून फुंकून पाहिली. टाकी ठणठणीत. इंजिनाच्या डोक्याचं तापमान मात्र १३० अंशांच्या वर जातच होतं, आणि एवढ्या उघड्या सुईवर ते जायला नको होतं. तिथेच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

लक्षात आणून दिलं ते इथल्या अवधान एमआयडीसीतल्या लेथवाल्या आबांनी. ते डिझेल पंप आणि फवारणी पंप दुरुस्त करतात, आरसी गाडी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतली. दोन मिनिटं आवाज ऐकला आणि म्हणाले, "भाऊ, सुई फिराईसन काय व्हई? पहिले हवा कोठून ली ऱ्हायना ते देख."

मग रविवारी इंजिन उतरवलं. हवा कुठून गळते ते शोधायची ही चाचणी ज्यांनी केली नसेल त्यांच्यासाठी नीट सांगतो. एक्झॉस्टला रबराचा तुकडा दाबून बसवायचा. कार्बोरेटरचं तोंड बुचाने बंद करायचं, थ्रॉटल उघडा ठेवायचा. फ्लायव्हील फिरवून पिस्टन टीडीसीला, म्हणजे अगदी वरच्या टोकाला आणायचा. त्या जागी क्रँकचं इनटेकचं तोंड उघडं असतं, म्हणजे कार्बोरेटर आणि क्रँककेस यांच्यात वाट मोकळी होते. मग इंधनाच्या निपलला नळी लावून हळू फुंकायचं आणि ब्रशने साबणाचा फेस एकेका सांध्यावर लावायचा. इंजिन पाण्यात बुडवू नका, बेअरिंग गंजतात.

बॅकप्लेट (इंजिनाचं मागचं झाकण) कोरडी, एकही बुडबुडा नाही. पुढच्या बेअरिंगपाशी बारीक फेस हलला; तेवढा चालतो, तिथे थोडी गळती असतेच. मग कार्बोरेटरच्या मानेपाशी ब्रश नेला. कार्बोरेटर आवळून धरणाऱ्या पिंच बोल्टच्या बाजूला, बरोबर एकाच जागी, मोहरीएवढा बुडबुडा आला, फुगून हरभऱ्याएवढा झाला आणि फुटला. पुन्हा आला. मी फुंकणं थांबवलं की तोही थांबायचा. तीन आठवडे मी ज्याला शोधत होतो तो हा.

कार्बोरेटर काढला तर मानेतली ओ-रिंग एका बाजूने चपटी होऊन कडक पडली होती. थंड असताना ती कशीबशी भागवायची. क्रँककेस तापून फुगली की तिथून हवा आत. सुई कितीही उघडा, ही चोरवाटेची हवा आयडलला सगळं मिश्रण लीन करणार, कारण थ्रॉटल बंद असताना आत जाणारी हवा मुळातच थोडी असते.

हायड्रॉलिक सीलच्या दुकानात गेलो. दुकानदार व्हायटॉनची रिंग देत होते, "सगळ्यात भारी" म्हणून. पेट्रोल-डिझेलसाठी असेलही, पण साध्या व्हायटॉनला मेथनॉल मानवत नाही, ते फुगतं. मी नायट्राइलची घेतली. तात्पुरती आहे, कंपनीच्या मापाची मागवली आहे. मानेच्या तळाशी हाय-टेंप सीलंटची केसाएवढी रेघ दिली, कार्बोरेटर खाली दाबून धरत पिंच बोल्ट आवळला. परत फेस, परत फुंकर. बुडबुडा नाही! सगळ्या सुया फॅक्टरी सेटिंगवर आणून पहिल्यापासून ट्यूनिंग केलं, आणि काल संध्याकाळी ते आयडल खाली बसलं.

आता वाईट बातमी. प्लग काढून पिस्टन फिरवून पाहिला, तर टीडीसीला पिंच जवळजवळ नाहीच. थंड इंजिनात वर जाताना जी घट्ट अडक लागायला हवी, ती बोटाला लागत नाही. एबीसीची (अॅल्युमिनियमचा पिस्टन, क्रोम चढवलेली पितळेची स्लीव्ह) मजा त्या अडकीतच असते: स्लीव्ह वर निमुळती, पितळ तापून पिस्टनपेक्षा जास्त पसरतं आणि चालताना दोघांचं माप जुळतं. माझी स्लीव्ह तीन आठवडे लीन आणि गरम चालली, त्याआधी एक अख्खा सीझन काळ्या मातीची धूळ खाल्ली. पिस्टन-स्लीव्ह-रॉडचा सेट टाकायचा तर नव्या इंजिनाच्या अर्ध्याहून जास्त पैसे जातात, आणि बेअरिंग जुनेच राहतात. म्हणून नवंच.

इथपर्यंत लिहीपर्यंत माझं ठरलं होतं, पुन्हा पाच पोर्टाचंच घ्यायचं. सात पोर्टाच्या मोहात मी कधीच नव्हतो. त्याला वरच्या आरपीएमला पोचायला लांब सरळ रस्ता लागतो. आपला ट्रॅक म्हणजे कापूस निघाल्यावरचं शेत. पऱ्हाट्या उपटून, लाकडी फळी फिरवून बनवलेला, सरळ भाग जेमतेम ४० मीटर, बाकी सगळी भुसभुशीत वळणं. पण लिहिता लिहिता इंधनाचा हिशोब मांडला आणि मन बदललं. टाकी १२५ सीसीची, म्हणजे लिटरला आठ टाक्या. माझं पाच पोर्टाचं आठ मिनिटं जातं, म्हणजे लिटरला चौसष्ट मिनिटं. मित्राचं तीन पोर्टाचं याच ट्रॅकवर साडेनऊ मिनिटं सहज काढतं, म्हणजे शहात्तर. धुळ्यात नायट्रो इंधनाचा डबा मिळत नाही, ज्वलनशील म्हणून कुरिअरवाले घेत नाहीत, दर वेळी कुणीतरी गाडीने येणारा गाठावा लागतो. तिथे लिटरमागे बारा मिनिटं ही मोठी गोष्ट आहे. शिवाय भुसभुशीत मातीत खालची मऊ ताकदच कामाची. चाकं जागीच फिरवून काय मिळणार?

तर तीन पोर्टाचं, १६.२७ मिमी बोअर आणि १६.८ मिमी स्ट्रोकचं, कार्बोरेटरचं तोंड लहान करणारा ६.५ मिमीचा रिड्यूसर घालून. मागचं बेअरिंग सिरॅमिक मिळालं तर जास्त पैसे द्यायची तयारी आहे. मेथनॉल ओलावा ओढतं आणि स्टीलचं बेअरिंग गंजून खडखडायला लागतं, हे मी एकदा भोगलंय. ओएस या जपानी कंपनीकडे ओढा आहे, कारण त्यांचा कार्बोरेटर मला हाताला कळतो.

ब्रेक-इन, म्हणजे नवं इंजिन हळूहळू रुळवणं, जानेवारीत येईल, म्हणजे ऐन थंडीत. हीट गनने इंजिनाचं डोकं ९० अंशांपर्यंत तापवूनच स्टार्टर लावणार, आणि डोक्यावर अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळणार, म्हणजे तापमान खाली पडणार नाही. एअर फिल्टर दुहेरी फोमचा, आणि आता प्रत्येक रेसच्या दिवशी धुतलेला, तेल लावलेला दुसरा सेट खिशात.

जुनं इंजिन विकत नाही. आबांनी मागितलंय, त्यांना ते कापून आतली वाट पाहायची आहे. पण त्याआधी एक टाकी अजून चालवणार. इतक्या दिवसांनी त्याचं आयडल असं जागेवर बसलंय, ते जरा ऐकून घेतो.