तुम्ही विचारलंत म्हणून : ती मंदिरेच होती, हे कशावरून?

भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावरच्या प्राचीन दगडी वास्तूंची छायाचित्रे दाखवली की निम्मे लोक एकच प्रश्न विचारतात : "मूर्ती नाही, शिलालेख नाही, मग ही मंदिरे होती हे ठरवले कोणी?" प्रश्न रास्त आहे, त्यांतल्याच हजर ईम या वास्तूच्या दारात उभा असताना तो मलाही पडला होता.

माल्टा आणि शेजारचे गोझो या बेटांवरच्या या वास्तू इसवी सनापूर्वी सुमारे ३६०० ते २५०० या काळातल्या, म्हणजे सर्वांत जुन्या तर इजिप्तच्या पिरॅमिडांच्याही कितीतरी आधीच्या आहेत. बांधणाऱ्यांना धातू ठाऊक नव्हता, तरी हजर ईममध्ये वीस टनांहून जड शिळा उभ्या आहेत. त्यांनी लिहून काहीच ठेवले नाही, त्यामुळे साक्ष काढायची ती दगडांचीच.

मला सर्वांत पटलेली साक्ष तारशीन या तिथल्याच दुसऱ्या वास्तूची आहे. तिथे सर्पिल नक्षी कोरलेला एक दगडी चौथरा आहे (जागेवर प्रतिकृती, अस्सल दगड राजधानी व्हॅलेटाच्या संग्रहालयात), त्याच्या दर्शनी बाजूस एक पोकळी आहे आणि ती बंद करायला बरोबर बसेल असा दगडाचाच तुकडा घडवलेला आहे. उत्खननात ती उघडली तेव्हा आत चकमकीच्या दगडाचे पाते आणि जनावरांची हाडे निघाली. सुरी कोणीही कुठेही ठेवील. पण ती ठेवण्यासाठी नक्षीदार चौथऱ्यात जागा कोरून वर झाकण बसवायचे, हे रोजच्या स्वयंपाकाचे काम नव्हे.

दुसरी साक्ष दारांची. काही ठिकाणी एकाच उभ्या शिळेत चौकोनी भोक पाडून दार केले आहे, इतके बुटके की मला कमरेत वाकावे लागले असते. कित्येक दारांच्या बाजूंना अडसर अडकवण्याची छिद्रे आहेत, बाहेर मात्र मोकळे अंगण आहे. बहुतेकांनी बाहेर थांबायचे आणि मोजक्यांनी आत जायचे, अशीच ही रचना दिसते. हजर ईमहून उतारावर पाचेकशे मीटर खाली असलेल्या म्नायद्रा या वास्तुसमूहातल्या दक्षिणेकडच्या वास्तूत विषुवदिनी उगवत्या सूर्याचा किरण दारातून थेट मधल्या वाटेने आत शिरतो. हा योगायोग असेल असे मला वाटत नाही.

मग ती थडगी का नसावीत? कारण मृतांची सोय वेगळी होती. हाल सफ्लिएनी येथे खडकात खोदलेल्या भूमिगत दालनांत सुमारे सात हजार माणसे पुरली होती; १९०२ मध्ये घरबांधणीसाठी खोदकाम करणाऱ्या मजुरांना ती अवचित सापडली. तिथे दिवसाला फार थोड्या लोकांना सोडतात, मी तिकिटाचा विचार ऐन वेळी केला आणि बाहेरूनच परतलो.

एक कबुली द्यायला हवी. 'मंदिर' हा आपला शब्द आहे आणि तो उच्चारला की मागोमाग आपला देव, आपला पुजारी, आपला नैवेद्य आपोआप येतो. तिथे सापडलेल्या स्थूल मूर्तींना सगळे सर्रास 'देवी' म्हणतात, पण त्यांतल्या बऱ्याच मूर्ती स्त्रीच्या की पुरुषाच्या हेही सांगता येत नाही. मीही प्रवासाच्या वहीत अगदी आतल्या अर्धगोल दालनाच्या चित्राखाली 'गाभारा' असे लिहिले होते. घरी आल्यावर ते खोडून 'आतले दालन' केले. वरचा 'मंदिर' हा शब्द मात्र तसाच राहू दिला.