फुली गेली कुठं?

एखादा डबा स्क्रीनच्या बरोब्बर मध्ये बसवणं हा आमच्या, म्हणजे वेबपानं आणि ॲप बनवणाऱ्यांच्या, धंद्यातला जुना विनोद आहे. पूर्वी टॉप ५० टक्के, लेफ्ट ५० टक्के करायचं आणि मग ट्रान्सलेटने उणे ५० टक्के मागे ओढायचं, आता फ्लेक्सबॉक्समध्ये (पानावर डबे मांडायची तयार सोय) अलाइन-आयटम्स सेंटर, जस्टिफाय-कंटेंट सेंटर, दोन ओळी, विषय संपला. मलाही गेल्या मंगळवारपर्यंत असंच वाटायचं.

एका पतसंस्थेचं ॲप आहे आमच्याकडे. शाखेतून तक्रार आली की केवायसीचा पॉपअप आल्यावर एका काकांना पुढे जाताच येत नाही. टेस्टरचा नेहमीचा शेरा, "माझ्या फोनवर चालतंय." डिझाइन बनलंय ३९० बाय ८४४ च्या फ्रेमवर, म्हणजे आयफोन, आणि आमच्या खातेदारांत आयफोनवाले शोधावे लागतील. शेवटी मीच शाखेत गेलो. काकांनी फोन हातात दिला, "मीच कायतरी भलतं दाबलं असंल बघा." त्यांनी काहीही दाबलं नव्हतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर फोनचं अक्षर सगळ्यात मोठं करून घेतलं होतं, एवढंच.

स्क्रीनवर उंची मिळते ५६० पिक्सेल, मोठ्या अक्षराने पॉपअप फुगून झालाय ७०० चा. सेंटर म्हणजे सेंटर, जास्तीचे १४० दोन्हीकडे सारखे वाटले, ७० वर, ७० खाली. खालचे स्क्रोल करून दिसतात, वरचे नाहीत, कारण ॲपमधली ही पानं आतून ब्राउझरच दाखवतो, आणि शून्याच्या वर, म्हणजे पानाच्या वरच्या काठापलीकडे, तो स्क्रोल करूच देत नाही. त्या वरच्या ७० मध्ये होती बंद करायची फुली. खाली एकच बटण, 'आत्ता भरा'. काकांना फक्त बॅलन्स बघायचा होता हो.

ती सेंटरची ओळ माझीच, सहकाऱ्यांच्या रिव्ह्यूत तिला 'क्लीन' म्हणून अंगठाही मिळालेला. बाहेरच्या डब्यावरचं अलाइन-आयटम्स काढून आतल्याला मार्जिन (भोवतीची मोकळी जागा) ऑटो दिलं, जागा असली की डबा मध्ये, नसली की मार्जिन शून्य होऊन वरच्या काठाला. पाच मिनिटांचं काम. मॅनेजरचं म्हणणं होतं, "त्यांना अक्षर लहान करायला सांगा ना." मी भांडलो.

पण पानं ॲपमध्येच पॅक केलेली, त्यामुळे नवीन व्हर्जन प्लेस्टोअरवरून यायला हवं, आणि काकांचं ऑटो-अपडेट बंद, नेटपॅक संपतो म्हणून. क्लार्कने तात्पुरतं त्यांचं अक्षर लहान करून दिलं, माझ्यासमोरच. काका फोन हातभर लांब धरून, डोळे बारीक करून बॅलन्स वाचत होते.