चिकूला नको होतं

कळव्यातल्या ज्या मराठी शाळेत मी समुपदेशक आहे, तिथे मुलांचा ताण हलका व्हावा म्हणून एक दिवस कुत्रा आणायचा म्हटल्यावर शिक्षकखोलीत पहिली प्रतिक्रिया आली, "बाहेर कमी आहेत का?" प्रश्न रास्त होता. आमच्या काही मुलांनी भटकं कुत्रं चावल्यावर रेबीजची इंजेक्शनं घेतलेली आहेत. त्यामुळे पालकांची लेखी संमती, अ‍ॅलर्जीची चौकशी, लसीकरणाचं कार्ड, जंताचं औषध हे सगळं तपासूनच दिवस ठरवला. दहावीची पूर्वपरीक्षा तोंडावर होती.

चिकू म्हणजे एक पोक्त लॅब्राडोर. त्याला घेऊन आलेल्या ताईंनी चटई अंथरली आणि मुलांना बजावलं, "तुम्ही त्याच्याकडे जायचं नाही. तो आला तर हात लावायचा. तो चटईवरून उठला की संपलं. ओठ चाटायला लागला, झोप नसताना जांभया द्यायला लागला, मान फिरवली, तर त्याला नकोय. जीभ बाहेर काढून हसल्यासारखा दिसला तरी फसू नका."

दहावीचा एक दांडगट मुलगा बराच वेळ त्याच्या कानामागे खाजवत बसला होता, बीजगणिताचं पुस्तक मांडीखाली दाबून. अमेरिकेत 2019 मध्ये 249 कॉलेज विद्यार्थ्यांवर झालेल्या अभ्यासात कुत्र्या-मांजरांना दहा मिनिटं कुरवाळल्यावर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, कमी झालेलं आढळलं होतं. मला त्या मुलाचे खाली आलेले खांदे दिसत होते, तेवढं पुरे होतं.

दुपारी आठवीच्या मुली आल्या. त्यांत एक होती जिला वर्गशिक्षिकेनं माझ्याकडे पाठवलं होतं. मार्क घसरलेले, आणि काहीही विचारलं की हसून "काही नाही मॅडम." न्यूयॉर्कच्या बोरिस लेविन्सन या मानसशास्त्रज्ञांनी साठच्या दशकात असं मांडलं होतं की त्यांचा कुत्रा खोलीत असला की गप्प मुलं बोलती होतात. मीही त्याच आशेवर होते. ही मात्र चिकूशीही चकार शब्द बोलली नाही. नुसती त्याच्याकडे बघत बसली.

तेवढ्यात संस्थेचे एक पदाधिकारी फोटोग्राफर घेऊन हजर. (फोटोशिवाय आपल्याकडे उपक्रम होतच नाही.) त्यांनी चिकूच्या गळ्यात हात टाकला. चिकूनं मान वळवली, ओठ चाटले, जांभई दिली. "बघा, कसा हसतोय!" साहेब म्हणाले.

"सर, तो हसत नाहीये. त्याला नकोय. सोडा त्याला."

आवाज तिचा होता. साहेबांनी हात काढला. चिकू उठून दाराकडे गेला, ताईंनी चटई गुंडाळली.

शाळा सुटल्यावर ती माझ्या खोलीत आली. दप्तर पाठीवरच. "मॅडम, व्हॅनमध्ये दहावीची मुलं माझी वेणी ओढतात. रोज. मी हसते, म्हणून त्यांना वाटतं मला चालतं."

दुसऱ्या दिवशी त्या मुलांच्या पालकांना बोलावलं, व्हॅनवाल्या काकांनाही. काका खरंच गोंधळले होते. म्हणाले, "अहो मॅडम, पण ती तर हसत असते की!"