आमची वाटचाल : प्रत्येक कमांडच्या मागावर

सर्व्हरने स्टोरेजला दिलेली प्रत्येक कमांड निघाल्यापासून तिचं उत्तर मिळेपर्यंत तिच्या मागावर राहायचं, हे आमच्या कंपनीचं काम. ‘हे तर आम्हीही करतो’ म्हणणारे या धंद्यात पुष्कळ आहेत. त्यातल्या एकाने आम्हाला जवळजवळ बुडवलं होतं, म्हणून हे लिहायला बसलो.

सुरुवात दोघांची. माझा भागीदार फायबर चॅनेलचा, म्हणजे सर्व्हर आणि स्टोरेज जोडणाऱ्या नेटवर्कचा, ट्रेस (लिंकवरून काय कधी गेलं याची नोंद) इतका सफाईने वाचतो की मी आजही थक्क होतो. एस-आयडी (पाठवणाऱ्याचा पत्ता), डी-आयडी (घेणाऱ्याचा पत्ता) आणि ओएक्स-आयडी (देवाणघेवाणीचा क्रमांक) यांवरून तो लाखो फ्रेममधून, म्हणजे डेटाच्या पाकिटांमधून, एकच एक्स्चेंज, म्हणजे एका कमांडची पूर्ण देवाणघेवाण, वेगळा काढतो: कमांड, ट्रान्सफर रेडी (‘डेटा पाठवा’ असा स्टोरेजचा इशारा), डेटा, रिस्पॉन्स. यातलं काय उशिरा आलं आणि काय आलंच नाही, यावर दोष कुणाचा ते ठरतं. अ‍ॅनालायझर (हा ट्रेस टिपणारं यंत्र) तेव्हा भाड्याने आणायचो. ऑप्टिकल टॅप मात्र पहिल्यापासून स्वतःचे घेतले. टॅपला वीज लागत नाही. तो लिंकमधल्या प्रकाशाचा ठरावीक हिस्सा बाजूला काढून देतो, बस्स. स्विचच्या मिरर पोर्टवर, म्हणजे वाहतुकीची नक्कल बाहेर देणाऱ्या पोर्टवर, विसंबू नका. गर्दी झाली की नेमक्या तेव्हाच तिथे फ्रेम गळतात, आणि आर-रेडी (‘पुढची फ्रेम चालेल’ असा घेणाऱ्याचा इशारा) तर तिथे दिसतच नाही.

आता तो प्रसंग. एका मोठ्या ग्राहकाकडे डेटाबेस अधूनमधून अर्धा मिनिट गप्प व्हायचा. आमचे टॅप तिथे नुकतेच बसले होते. स्पर्धक कंपनीने आपला डॅशबोर्ड दाखवला: दर पाच मिनिटांची सरासरी, रिस्पॉन्स टाइम दोन मिलिसेकंदांच्या आसपास, सगळं हिरवं. स्टोरेज ठणठणीत आहे, बिघाड या टॅपमुळेच, असा लेखी अहवाल त्यांनी दिला. प्रकाशाची पातळी मोजायचे कष्टही घेतले नाहीत. टॅप निघाले, आमचं बिल अडकलं. बातमी पसरली तशी ठरलेली कामंही ‘पुढे बघू’वर गेली. पगार द्यायला भागीदाराने घरातले पैसे घातले.

आम्हाला तारलं ते तिथल्याच स्टोरेज टीमच्या प्रमुखांनी. टॅप काढूनही डेटाबेस थांबतोच आहे, हे त्यांनी लॉगसकट वर दाखवलं आणि आम्हाला परत बोलावलं. या वेळी एक टॅप अ‍ॅरेच्या (स्टोरेज यंत्राच्या) पोर्टवर, दुसरा सर्व्हरच्या. राइट कमांडवरची ट्रान्सफर रेडी अ‍ॅरेकडून निघालेली पहिल्या ट्रेसमध्ये स्पष्ट होती, दुसऱ्यात नव्हती. म्हणजे ती वाटेतच टाकली गेली होती. त्याच आयएसएलवरून (दोन स्विचमधल्या लिंकवरून) डेटा घेणारा एक जुना होस्ट, म्हणजे दुसरा एक सर्व्हर, आर-रेडी फार सावकाश परत करत होता. क्रेडिट, म्हणजे आणखी किती फ्रेम पाठवता येतील तो आकडा, शून्यावर जायचं, मागच्या फ्रेम खोळंबायच्या, आणि मुदत संपली की स्विच त्या टाकून द्यायचा. बिचारा डेटाबेस सर्व्हर लिनक्सच्या नेहमीच्या टाइमआउटप्रमाणे 30 सेकंद थांबायचा, मग अ‍ॅबॉर्ट (कमांड रद्द), मग तीच कमांड नव्याने. त्या जुन्या होस्टचं एचबीए (फायबर चॅनेलचं कार्ड) बदललं आणि तक्रार मिटली.

सरासरीत हे का दिसलं नाही? हिशेब करून बघा. पाच मिनिटांत 1,00,000 कमांड, प्रत्येकी दोन मिलिसेकंद. त्यातली एक 30 सेकंद अडकली तर सरासरी होते 2.3. डॅशबोर्ड हिरवाच राहणार! म्हणून सांगतो, हिस्टोग्रॅम (किती कमांडना किती वेळ लागला त्याचा आलेख) मागा, सर्वांत वाईट कमांड कोणती ते विचारा, टास्क सेट फुल (‘रांग भरली’ असं स्टोरेजचं उत्तर) किती वेळा आलं ते वेगळं मोजा. आणि टॅप नवीन केबलिंगच्या वेळीच बसवून घ्या. नंतर चालू लिंक तोडायला कुणी परवानगी देत नाही.

पुढची वर्षं कामात गेली. एनव्हीएमई (वेगवान स्टोरेजला कमांड द्यायची नवी पद्धत) आलं, फ्लॅश आलं. फ्लॅश आहे तर ट्रेस कशाला, असं विचारणारेही भेटतात. अ‍ॅरे कितीही वेगवान असो, वाटेत क्रेडिट संपलं की कमांड अडकतेच.

तो अहवाल स्पर्धकाने आजतागायत मागे घेतलेला नाही, आणि ते मला अजून सलतं. पण त्या प्रमुखांनी पुढच्या निविदेत अट घातली: प्रत्येक कमांडची वेळ नोंदली पाहिजे, सरासरी चालणार नाही. ही अट काढा, असं पत्र स्पर्धकाकडून गेलं होतं. अट राहिली, आणि काम आम्हाला मिळालं.